वेबसाइटचे निमंत्रक हिम्मतराव

हिम्मतरावांच्या वाट्याला आलेली सगळी हिम्मत नावातच खर्च झाली होती. हैदराबादेतल्या एका विद्यापीठात ते सहायक कुलसचिव होते आणि उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. शिपायालासुद्धा नाही. या गुणामुळे ते सहायक झाले आणि याच गुणामुळे सहायकच राहिले.

बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांत मात्र त्यांचा शब्द चालायचा. कुणाकडे लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर हिम्मतरावांनीच करायचा. वर गणपती, खाली कुलदैवत, मग मानाप्रमाणे सगळे काका, मामा, आतोबा. त्यांच्या पत्रिकेवरून आजवर एकही आत्या रुसली नव्हती. लग्न कधी आणि कुठे हे शोधायला चष्मा लागायचा, एवढंच. पण त्याचं काय एवढं? यायचं असतं ते विचारून येतातच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि शहराला हायटेकची बाधा झाली होती. दिलसुखनगरात काल जिथे डोशाची बंडी होती तिथे आज कॉम्प्युटर शिकवण्याची पाटी होती. नारायणगुड्यातल्या पानवाल्यानंही मागच्या खोलीत इंटरनेट आणलं होतं. शेजारच्या विद्यापीठाची वेबसाइट निघाल्यावर आपल्या कुलगुरूंना झोप लागेना. त्यांनी हिम्मतरावांना बोलावलं. "वेबसाइट का काम तुम देखो. पर कोई नाराज नहीं होना. उपकुलसचिव की कुर्सी खाली हो रही है, मालूम है ना?"

कोई नाराज नहीं होना! हे तर हिम्मतरावांचं घरचंच शास्त्र. खुर्चीच्या आशेनं त्यांनी त्याच दिवशी गुडघ्याला बाशिंग बांधलं. निवृत्तीआधी दारावर 'उपकुलसचिव' अशी पाटी लागावी, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्याकडे शिल्लक ठेवलं होतं.

पानं तयार करायला कंपनीनं पल्लवी नावाची मुलगी पाठवली. पुण्याची, लग्न होऊन नुकतीच हैदराबादेत आलेली आणि पुण्याची असल्यामुळे विचारल्यावाचून मत देणारी.

"सर, पहिल्या पानावर तीनच गोष्टी ठेवू. निकाल, प्रवेश, फी. मुलं त्याचसाठी येणार."

हिम्मतराव मायेनं हसले. "मॅडम, पत्रिकेत जेवणाची वेळ वर छापतात का?"

"ही पत्रिका नाहीये, सर."

"सगळ्या पत्रिकाच असतात," हिम्मतराव म्हणाले. पल्लवीला पगार वाद घालण्याचा मिळत नव्हता, म्हणून तिनं मान डोलावली.

मग पान सजलं. वर सरस्वती, तिच्या वीणेभोवती लुकलुकणारे दिवे. खाली कुलपती, कुलगुरू, कुलसचिव, सगळे अधिष्ठाते, सगळे विभागप्रमुख, प्रत्येकाचा फोटो. वनस्पतिशास्त्राचे प्रमुख प्राणिशास्त्राच्या खाली आले म्हणून दोन दिवस जेवले नाहीत, तेव्हा दोघांना शेजारी बसवलं. ग्रंथपालांनी तर शाल पांघरून नवा फोटो काढून आणला. या वऱ्हाडामागे, पानाच्या पार तळाशी, 'निकाल' हा शब्द कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला.

"सगळ्यात शेवटी, अडचण आल्यास कुणाशी बोलायचं त्याचं नाव आणि फोन टाकतात," पल्लवी म्हणाली. "ऑफिसचा नंबर द्या, सर."

हिम्मतरावांचे डोळे चमकले. ही तर निमंत्रकाची जागा! सगळ्यांना मान देऊन झाल्यावर यजमानानं नम्रपणे तळाशी उभं राहायचं, पण ठळक अक्षरांत. आणि निमंत्रक काय कचेरीचा पत्ता देतो? त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव आणि बरकतपुऱ्यातल्या घरचा नंबर दिला. असं हात दाखवून अवलक्षण कुणी करून घेतलं नसेल.

उद्घाटनाला कुलगुरूंचा फोटो पडद्यावर केसांपासून खाली उतरत नाकापर्यंत आला आणि तिथेच अडकला. तरी टाळ्या वाजल्या, कारण बाकीचं तोंड समोर बसलेलंच होतं. कुणी नाराज झालं नाही. कुलगुरूंनी हिम्मतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या रात्री हिम्मतरावांनी पाटीची अक्षरं कशी असावीत यावर बायकोशी चर्चा केली.

पुढच्या रविवारी पदवीचा निकाल लागला.

गावोगावची पोरं इंटरनेट कॅफेत जाऊन बसली. सरस्वती आली, दिवे लुकलुकले, एकेक अधिष्ठाता डुलत डुलत उतरू लागला आणि तासाचे पैसे वाहून चालले. अंग चोरून उभा असलेला 'निकाल' कुणाला दिसेना. ठळक दिसलं ते एक नाव आणि एक फोन नंबर.

सकाळपासून हिम्मतरावांच्या घरी फोन सुरू झाला. रिसीव्हर ठेवावा तर पुन्हा खणखण. तो बाजूला काढून ठेवणं म्हणजे 'नाही' म्हणणं, आणि ते त्यांना येत नव्हतं. पल्लवीनं वेबसाइटवर टाकून परत दिलेल्या निकालाच्या छापील प्रती घरीच होत्या. ते बनियनवर बसून परीक्षेचा नंबर विचारू लागले, पानं उलटू लागले, पास-नापास सांगू लागले.

"काय करायलात हे?" त्यांच्या बायको चतुराबाई भाताचं पातेलं घेऊन उभ्या राहिल्या. "वेबसाइट ती कॉम्प्युटरात असती म्हणे. तुम्ही कशाला वेबसाइट होऊन बसलात?"

संध्याकाळी परीक्षा विभागाचे एकनाथराव पेढे घेऊन आले. चेहरा शक्य तितका दुःखी करून म्हणाले, "काय हो हिम्मतराव, कुलगुरूसाहेबांनी दुपारभर तुमचा फोन लावला. सारखा एंगेज! त्यांना दिल्लीला निघायचं होतं, त्याआधी उपकुलसचिवाचा चार्ज देऊन टाकायचा होता. माझा फोन पहिल्याच झटक्यात लागला. मी नक्कोच म्हणत होतो."

हिम्मतरावांनी पेढा घेतला. 'अभिनंदन' म्हणाले. रडावं वाटलं, पण एकनाथरावांसमोर रडणंही बरं दिसलं नसतं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो उचलू नये असं ठरवलं, आणि उचलला.

नलगोंड्याची कुणी मुलगी होती. त्यांनी नंबर विचारला, पान शोधलं. "पास है बेटा. फर्स्ट क्लास."

पलीकडे आनंदाचा कल्लोळ झाला. मग ती मुलगी इतक्या मोठ्यानं बोलली की समोर बसलेल्या एकनाथरावांनाही ऐकू गेलं.

"शुक्रिया अंकल! वेबसाइट भोत अच्छी बनाए तुम लोगां. नंबर घुमाए तो सीधा आदमीच बोलता!"