नाव घ्या, दुकान उघडा

माझी सासू पुतळाबाई म्हणजे जासई गावातली तोफ. भर रस्त्यात टेम्पोवाल्याला थांबवून झापेल. पण नवऱ्याचं नाव लग्नापासून तिच्या तोंडून निघालेलं नाही. 'हे', 'आमचे', फार तर 'विपुलचे बाबा'. विपुल म्हणजे माझा नवरा.

शेतातल्या भाताचे पोहे आणि पोह्यांचे पापड, हे गावातल्या बायांचं उन्हाळ्यातलं काम. एक दलाल ते पापड मातीमोल भावानं उचलायचा आणि स्वतःचं नाव छापलेल्या पिशवीतून कामोठ्याच्या सोसायट्यांत तिप्पट दरानं विकायचा. माझं डोकंच सणकलं. मी बायांसाठी ऑनलाइन दुकान काढायला घेतलं, खातं सासूच्या नावानं. कंपनीच्या व्हिडिओ कॉलवर तिची ओळख पटली की दुकान सुरू. नाही पटली, तर उद्या सकाळी दलालाचा टेम्पो दारात आणि सगळी मेहनत पुन्हा त्याच्याच घशात.

कॉल लागला. ओटीवर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या.

"आजी, पतीचं नाव सांगा," पडद्यावरची मुलगी म्हणाली.

सासूनं पदर तोंडाला लावला.

"नामा! अगं, नामा म्हन!" सासरे झोपाळ्यावरून ओरडले.

"दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. आजी, तुम्हीच सांगा, नाहीतर अर्ज रद्द होईल."

बाया सासूला चिमटे काढू लागल्या. शेवटी ती लाजत म्हणाली, "उखान्यात घेतलं तं चालंल का गो?"

"चालेल, पण नाव नीट ऐकू आलं पाहिजे."

झालं! सासू ताठ बसली आणि तिनं सूर लावला:

"शेतातल्या भाताचे पोहे, पोह्यांचे लाटले पापड,
नामाचं नाव घेते, दलालाला मारते थापड!"

मग काय विचारता! बाया हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सासरे चक्क नाचायला लागले. मला इतका आनंद झाला की मोबाईल हातातून सुटता सुटता वाचला.

ती मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पटली ओळख! आता दुकानाचं नाव?"

मी 'नामा गृहउद्योग' लिहायला घेतलं, तोच सासूनं माझा हात धरला.

"पुतलाबाईचे पापड. लिव. येवडी वर्सं लाटले आमी, आन् पिशवीवर नाव त्या दलालाचं? आता माजं."

हे नाव तिनं खणखणीत घेतलं, पदरबिदर काही न लावता.

सकाळी दलालाचा टेम्पो आला. सासूनं दलालाला चहा पाजला आणि टेम्पो रिकामा परत पाठवला.