साहेबांसाठी आणलेलं स्थळ

माशाचं लग्न लावायला निघालेली बाई पुण्यात तरी मी पहिलीच असेन. वय वर्षं पासष्ट, म्हणजे माझ्या बाबतीत अक्कल यायला अजून थोडा अवकाश होता. शेजारणीच्या फिश टँकमध्ये एक मासा एकटाच राहतो, त्याचं पुढे कसं व्हायचं, ही काळजी मला लागली होती. शेवटी शेजारीण गावाला गेल्याचं निमित्त साधून मी त्याच्यासाठी परस्पर स्थळ आणलं. तेसुद्धा उंचीला उंची लावून आणि रंगाला रंग जुळवून! त्या लग्नाचं काय झालं ते सांगतेच. पण आजवर ही गोष्ट मी सांगायला लागले की मध्येच तोडून तपशील दुरुस्त करणारी शमीम तांबोळी दीड महिन्यापूर्वी गेली, आणि आता मला कुणी अडवत नाही... म्हणून उलट जपून सांगायला हवी.

बातमी आली तेव्हा मी तिच्याच घरात होते. ती दवाखान्यात, घराची किल्ली माझ्याकडे आणि माझ्या हातात पाण्याचा जग. तिच्या सोलापूरच्या बहिणीची मुलगी रेहाना फोनवर म्हणाली, "मावशी, खाला गेली." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. फोन ठेवला आणि जग रिकामा होईपर्यंत टँकमध्ये पाणी ओतत राहिले. कारण आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले, तेव्हा नाकावरचा मास्क बाजूला करून तिनं विचारलं होतं, "पाणी घातलंस?" "घातलं." "साधं की खारं?" "साधं." "शिकलीस," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. इतक्या वर्षांत तिच्याकडून मिळालेली माझी ही एकमेव शाबासकी. समुद्रातल्या माशाला गोडं पाणी कसं चालेल, यावर मी तिच्याशी एकदा तावातावानं भांडले होते. ती शांतपणे म्हणाली होती, "पाणी उडून जातं सुलभा, मीठ उडत नाही. तू रोज खारं घातलंस तर महिन्याभरात लोणचं होईल त्यांचं."

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि ती बरोबर खालच्या घरात. पाटबंधारे खात्यात ती नकाशे काढायची. नव्यानं राहायला आली तेव्हा दोघीही चाळिशीच्या. तिनं लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं, हे मला सहन होईना. मी तेव्हा आख्ख्या इमारतीची लग्नं जमवायचे. दोन-तीन जमलीही होती, आणि ती टिकली हे माझं नव्हे, त्या जोडप्यांचं कर्तृत्व. तर मार्केट यार्डात कांद्याबटाट्याचा मोठा व्यापार असलेले एक विधुर बागवान गृहस्थ मी तिच्यासाठी हुडकून काढले आणि दोघांनाही काही न सांगता एकाच वेळी चहाला बोलावलं. शमीमनं चहा घेतला, पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली, गृहस्थांशी कांद्याच्या आवकीवर मनसोक्त बोलली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मग? कसे वाटले?" ती म्हणाली, "कांदा चांगला आहे त्यांच्याकडे. पोतं सांगितलंय. अर्धा तुला." आमचे हे आतून ओरडले, "अगं, लसणाचा पण एखादा विधुर बघ!"

निवृत्त झाल्यावर बायका यात्रेला जातात, भिशी लावतात. शमीमनं समुद्र आणला. पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर! पाणी आणून त्यात मीठ कालवायचं, काचेच्या एका उपकरणानं खारटपणा मोजायचा, पंप, दिवे... नकाशे काढणाऱ्या बाईला हे सगळं शोभत होतं. मला शोभत होतं ते खुर्ची ओढून पाहत बसणं. त्यात जिवंत पोवळी होती. मी तोवर पोवळं पाहिलं होतं ते मंगळवाल्यांच्या अंगठीत. ते जिवंत असतं, संध्याकाळी अंग फुलवतं, शेजारचं पोवळं फार जवळ आलं तर त्याला डंख मारतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. मी दर पाच मिनिटांनी "हे काय?" विचारायचे आणि ती दर वेळी सांगायची. न कंटाळता, पण एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायची, "कालचंच उत्तर आहे."

तिच्या टँकमधला मुख्य रहिवासी मात्र दुकानात परत आलेला माल होता. आमच्या गल्लीच्या टोकाला शिंद्यांचं माशांचं दुकान आहे. हा मासा आधीच्या गिऱ्हाइकाकडे बाकीच्या माशांना मारून परत आलेला, म्हणून शिंद्यांनी त्याला वेगळ्या डब्यात ठेवला होता. शमीम म्हणाली, "मला हाच द्या." मी कपाळाला हात लावला. "अगं, गुंड आहे तो!" "असू दे. त्याला काय हवंय ते स्पष्ट तरी आहे." काय हवं होतं? एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यातलं बोटाबोटांच्या झुबक्यासारखं हलणारं समुद्रफूल. त्याचे डंख इतर माशांना मारतात, हा मात्र त्यात गादीवर लोळावं तसा लोळायचा. शालूसारखा मरून रंग, गालावर काटा आणि डोळ्यांमागून उतरलेला पांढरा पट्टा, थेट मुंडावळ्या बांधल्यासारखा. आम्ही त्याचं नाव साहेब ठेवलं. मला वाटतं, सगळा घोटाळा त्या मुंडावळ्यांनी केला.

साहेबांचा राग हा आमचा संशोधनाचा विषय होता. शमीमनं एकदा काचेबाहेर हातातला आरसा धरला तर साहेब स्वतःच्याच अंगावर धावून गेले. "बघ, स्वतःशीसुद्धा पटत नाही याचं," मी म्हणाले. ती म्हणाली, "कुणाचं पटतं?" आणि आरसा पालथा ठेवला. पोवळं सरकवायला हात आत घातला की साहेब कडकडून चावायचे. मी किंचाळायचे, शमीम मात्र शांतपणे काम करत राहायची. मला वाटलं, माझ्या बांगड्यांचा आवाज खुपत असेल. बांगड्या काढून हात घातला, तरी चावला. साबण बदलून पाहिला, तरी चावला. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "तुलाच कसा नाही गं चावत?" तिनं बोटं पुढे केली. सगळीकडे बारीक लाल ओरखडे. "मलाही चावतो. मी ओरडत नाही एवढंच."

आता ते लग्न. बहिणीच्या ऑपरेशनसाठी शमीम सोलापूरला गेली आणि टँक माझ्यावर सोपवून गेली. "खायला घाल, साधं पाणी घाल, बाकी काही करू नकोस." ते 'बाकी काही'च माझ्या डोक्यात फिरायला लागलं. रिकाम्या घरात रोज संध्याकाळी मी आणि साहेब समोरासमोर. तो काचेपाशी यायचा, माझ्याकडे पाहायचा. किती एकटा! मला माशात शमीम दिसत होती की शमीममध्ये मासा, हे तेव्हा विचारलं असतं तर मी रागावले असते. मी शिंद्यांच्या दुकानात गेले आणि त्याच जातीचा मासा मागितला. त्यांनी विचारलं, "आजी, कुठल्या टाकीत सोडनार? मॅडमच्या न्हाई ना?" मी म्हणाले, "छे! नातवानं नवीन घेतलीय." नातू तेव्हा पाळण्यात होता. त्यांनी दोन मासे दाखवले, एक नखाएवढा आणि एक चांगला भरलेला. मी म्हणाले, "मोठाच द्या." जोडा शोभायला नको? साहेबांच्या शेजारी एवढीशी नवरी उभी केली तर लोक काय म्हणतील!

नवरी पिशवीतून पाण्यात उतरली आणि साहेब मांडव सोडून जे धावले... पाठलाग, गालावरच्या काट्याचे वार, परांच्या चिंध्या. मी पुरण गाळायची चाळणी घेऊन कोपरापर्यंत आत, साहेब माझ्या मनगटाला लोंबकळलेले, नवरी दगडाच्या फटीत. दारातून आमचे हे विचारतात, "अक्षता आणू का?" रडतच सोलापूरला फोन लावला. वाटलं, ही आता कायमची तोडते. शमीम एवढंच म्हणाली, "दिवे बंद कर. भाजी धुवायची भोकांची टोपली घे. नव्याला नको, साहेबाला घाल तिच्यात आणि टोपली पाण्यात तरंगत ठेव. मग दगड हलव, सगळे. घर ओळखू आलं नाही की मालकी जरा विसरतो." मी दिवे बंद केले, कसंबसं साहेबांना टोपलीत घातलं, दगड हलवले. अंधारात टोपलीच्या भोकातून एक डोळा माझ्याकडे बघत होता. दोघंही वाचले.

शमीम परत आली, टँकभोवती एक चक्कर मारली आणि मला माशांचं प्राणिशास्त्र शिकवलं. या जातीत जन्मतात ते सगळे नरच. त्यातला जो सर्वांत मोठा आणि दांडगा, तो पुढे मादी होतो. म्हणजे आमचे साहेब केव्हाचे बाईसाहेब होते. आणि मी उंची जुळवून आणलेली ती भरलेली नवरीही बाईच. "तो नखाएवढा आणला असतास तर तो निमूट नवरा होऊन राहिला असता," ती म्हणाली. मी म्हणाले, "मोठी आणि दांडगी असते ती बाई... म्हणजे आमच्या सासूबाई." त्यावर ती हसली. पण फाटक्या परांची नवरी परत करायला तिनं मलाच पाठवलं. "लग्न मोडलं हे मुलीच्या घरी तूच जाऊन सांग." शिंद्यांनी मासा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नातवानं मोडलं व्हय?"

त्यानंतर तिनं त्या विषयावर मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच मला टोचत राहिलं. बारा-तेरा वर्षं रोज पाच वाजता मी खाली जायचे, चहा व्हायचा, बाईसाहेब मला चावायच्या. पण मनात यायचं, ही मला सोसत तर नसेल? जिला एकटं राहायचंय तिच्या कोपऱ्यात मीच ती उंची जुळवून आणलेली आगंतुक तर नसेन? विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, कालचंच उत्तर आहे. कालचं उत्तर काय होतं, ते मला कधीच माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात रेहाना घर रिकामं करायला आली. म्हणाली, "मावशी, मासा दुकानदाराला परत देऊ?" मी म्हणाले, "मुळीच नाही." आमच्या ह्यांनी हॉलमधला टीव्ही भिंतीकडे सरकवून टँकला जागा केली. शिंदे टँक आणि पिंपातून त्याचं पाणी घेऊन वर आले, दगड शमीमनं मांडले होते तसेच मांडले, समुद्रफूल त्याच्या कोपऱ्यात. बाईसाहेबांच्या मुंडावळ्या आता फिक्या पडल्यात, पण पाण्यात सोडल्या सोडल्या त्यांनी माझं बोट पकडलं. मी ओरडले नाही. घड्याळात पाच वाजत आले होते, आणि सवयीनं मी चपला घालायला दारापर्यंत गेलेसुद्धा... मग परत फिरले आणि टँकसमोर खुर्ची ओढली. शिंदे हात पुसत होते. मला राहवलं नाही. हळूच म्हणाले, "शिंदे, तो नखाएवढा नर असतो ना, तो आता..."

शिंदे हसले. "आजी, तुमचं ते लग्न मोडलं, त्येच्यानंतर मीच मॅडमना म्हनलो होतो, बारीक नर हाय, ह्या खेपेला जमवून देतो. तर मॅडम म्हनाल्या, 'नको, शिंदे. ही एकटी आहे म्हणून वरची बाई रोज खाली येते. हिचं लग्न लागलं की ती यायची बंद होईल.'"