टॉवेलाखाली ठरलेलं

काकती गावचा भावकू बैलबाजारातला हेड्या, म्हणजे दलाल. पैसे आता फोनवरून जमा होतात, पण भाव अजून टॉवेलाखाली बोटं दाबूनच ठरतो. आत काय ठरलं ते दोन हातांनाच ठाऊक. असल्या धंद्यात राहून माणूस धुतल्या तांदळासारखा राहील, यावर विश्वास ठेवणारी एकच बाई होती, ती त्याची थोरली बहीण राजाबाई.

तिनं आपला बैल विकायला त्याच्याच हवाली केला. "तू म्हनशील त्यो भाव रं," म्हणाली. त्या वेळी भावकूला नव्या मोटारसायकलीनं झपाटलेलं. त्यानं निपाणीच्या नागेंद्र व्यापाऱ्याशी संधान बांधलं. बैल पडत्या भावात द्यायचा आणि पुढं विकून जो फायदा होईल त्यातला निम्मा भावकूनं घ्यायचा. टॉवेलाखाली हातावर हात पडला. राजाबाई कासरा धरून शेजारीच उभी होती. भाव ऐकून तिचा चेहरा उतरला, पण भावाच्या शब्दापुढं तिनं हूं की चूं केलं नाही.

वाटा मागायला गेल्यावर नागेंद्र हसला. "कसला वाटा रं? टॉवेलाखाली काय ठरलं, बघितलंय कुनी?"

चोरावर मोर भेटला! बोंब मारायचीही सोय नव्हती. शहाण्यानं गप्प बसावं. पण भावकूनं डोक्यात राख घालून बाजारात नागेंद्राची गिऱ्हाइकं तोडली. मग नागेंद्रानं राजाबाईच्या मुलाला, समर्थला गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. स्वतःचा हात तेवढा वगळून.

समर्थ तडक घरी आला. मामा नेमका तिथंच भाकरी खात होता.

"आई, मामानं बैलात फसवलंय तुला."

राजाबाईनं वळून बघितलं. "व्हय रं भावकू?"

"न्हाय आक्का," भावकू म्हणाला. घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

राजाबाई मुलावर कडाडली. "मामाचं पाय धर, न्हायतर घरातनं चालता हो." पोरगं खरं बोललं होतं, ते कशाला पाय धरतंय? आज वडगावात खोली घेऊन यंत्रमागावर राबतंय. आईचा फोनही घेत नाही.

भावकू कितीदा तरी सांगून टाकायचं ठरवून बहिणीच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि चहा पिऊन परत आला. सांगितलं तर तिचं पोरगं परत येईल, पण आक्का आपल्याला अंतरेल, हे त्याला पक्कं ठाऊक. वाईट माणूस नव्हे तो. भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाच्या हातून जास्त वाटोळं होतं.

यंदा भाऊबीजेला राजाबाईनं पाट मांडला. कुंकवाचं बोट उचलताना तिचे डोळे भरून आले.

"पोटचं गेलं रं," ती म्हणाली. "पाठचा तेवढा खरा निघाला."

भावकूनं कपाळ पुढं केलं.