गालिच्याखालची माणसं

सकाळी तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र माझ्यापुढे धरलं. दोन देशांचे पुढारी गालिच्यावर उभे राहून हसत हसत मिठी मारताहेत आणि गालिच्याखाली दबलेल्या माणसांचे फुगवटे दिसताहेत.

"कसं बरोबर पकडलंय बघ!"

"अहो, त्यातले दोन फुगवटे आपल्या घरचे आहेत," मी म्हटलं. त्यांचं हसू मावळलं.

बाळांनो, ते दोघं म्हणजे तुम्ही. काल तुमच्या बाबांचा फोन आला होता. तिकडचे व्हिसाचे नियम बदललेत. इकडे आलात तर परत आत घेतील याची खात्री नाही, म्हणून यंदा मे महिन्यात तुम्ही येणार नाही.

अशा चित्रांना मी आयुष्यभर हसत आले. त्यातल्या गर्दीला चेहरे नसतात, म्हणून हसता येतं. वर उभं राहणाऱ्यांनाही चेहरे कुठे दिसतात? पायाखाली मऊ लागतंय, एवढंच त्यांना जाणवत असेल. रागवायचाही आता कंटाळा येतो.

तुमच्यासाठी काढलेल्या गाद्या गच्चीवर उन्हात पडल्या होत्या. दुपारी आजोबांनी हळूच विचारलं, "पुन्हा माळ्यावर टाकू का?"

"राहू देत खाली," मी म्हटलं. "नियमच ते. पुन्हा बदलतील."