भरीत खाऊन खेळलेली फायनल

ऐंशीच्या दशकात आमची पलटण पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत होती. सकाळी पी.टी., मग परेड, दुपारी हत्यारांची साफसफाई, संध्याकाळी गेम्स. मी सिग्नल प्लाटूनचा, मूळचा धुळ्याचा. फुटबॉल टीममध्ये लेफ्ट आउट खेळायचो. माझं काम एकच: कडेनं पळायचं आणि चेंडू मधे टाकायचा. मधे लान्स नाईक भीमराव शिरसाठ उभा असला की पुढची काळजी आपली नाही.

भीमराव पारोळ्याकडच्या एका खेड्यातला. गावात फुटबॉल कुणी पाहिलेला नव्हता. त्यानं भरती झाल्यावर पहिल्यांदा चेंडूला पाय लावला आणि वर्षभरात पलटणीचा सेंटर फॉरवर्ड झाला. अंगानं आडवा, बोलायला मितभाषी. गोल मारला की फक्त मोजे वर ओढायचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, कमांडच्या, म्हणजे अनेक पलटणींतून निवडलेल्या टीमची जर्सी. पण तिशी उलटली होती. त्या वर्षी निवड झाली नाही तर पुढे कुणी विचारणार नव्हतं, हे तोही जाणून होता आणि आम्हीही.

त्या हिवाळ्यात जळगावला एक टूर्नामेंट झाली. आम्ही धुळ्यात मुक्काम ठेवला होता आणि मॅचला ट्रकनं ये-जा करायचो. कसेबसे फायनलला पोचलो. समोर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली पोरं, वाऱ्यासारखी पळणारी. कमांडसाठी खेळाडू निवडणारे मेजर साहेब फायनल बघायला येणार, असा निरोप आला. त्या रात्री भीमरावनं बुटांना दोनदा पॉलिश केलं.

फायनलच्या दिवशी आमचा ट्रक सकाळीच धुळ्याहून निघाला. पारोळं मागे पडलं आणि हायवेवर एक म्हातारा खांद्यावरचं उपरणं हलवत मधोमध उभा दिसला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

"आबा आहेत," भीमराव म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

आबा म्हणजे त्याचे वडील. आमचा ट्रक याच रस्त्यानं ये-जा करतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टीमबरोबरच्या सुभेदार साहेबांना जयभीम घातला आणि सांगितलं, "शेत जवळ शे. चहा पी जा."

साहेबांनी ऑर्डर दिली, "फक्त चहा. पटकन उतरा, पटकन चढा."

शेतात पोचलो तर चहाचा पत्ता नव्हता. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. दोन माणसं बडगीत, लाकडाच्या खोलगट भांड्यात, ती ठेचत होती. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वर तेलाची धार. शेजारी पुऱ्या आणि कढी. आमच्याकडे हिवाळ्यात पाहुणा आला की शेतात भरीत ठरलेलंच, हे मला माहीत असायला हवं होतं. इथे तर अख्खी टीम पाहुणी होती.

"आबा, मॅच झाल्यावर जेवतो," भीमराव हळूच म्हणाला.

"परत येवाले रात व्हई. आते बठ्ठं तयार शे. बसा."

सगळं तयार आहे म्हटल्यावर पहिली शरणागती सुभेदार साहेबांची. "चव घ्यायला हरकत नाही," म्हणाले आणि मांडी घालून बसले. मग काय, आम्ही साताऱ्या-कोल्हापूरचे, धुळ्याचे, सगळे तुटून पडलो. गोलकीपरनं कढी वाटीनं नाही, तांब्यानं प्यायली. भीमराव हात आवरत होता, पण वाढायला त्याची आई होती. आईच्या हातचं नको म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. सर्वांत जास्त तोच जेवला. आबा हौसेनं आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढले. मुलाचा खेळ ते पहिल्यांदाच बघणार होते.

मॅच सुरू झाली आणि आमचं काय होणार ते लगेच कळलं. मी पळालो की पोटातली कढीही पळायची. भुसावळची पोरं आमच्या मधून बाजारातून गेल्यासारखी जात होती. हाफ टाइमला आम्ही दोन गोलनं मागे. भीमरावच्या पायाला चेंडू धड लागलाच नव्हता.

मेजर साहेब उठले, टोपी घातली आणि जीपकडे निघाले.

"तो साहेब कोठे जाई राहिना?" आबांनी मला विचारलं.

"भीमरावला निवडायला आले होते, आबा. आता निघाले."

"आनि तुम्हीन असा का खेळी राहिनात?"

खोटं बोलवेना. "भरीत जास्त झालं, आबा."

म्हाताऱ्यानं उपरणं खांद्यावर टाकलं. मग तरातरा चालत जाऊन थेट जीपच्या पुढे उभा ठाकला. आम्ही हादरलोच. सुभेदार साहेब मागे धावले.

"साहेब, पोर्‍याना गुन्हा नही. मी खावाडं यासले."

मेजर साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, मॅचच्या आधी कुणी एवढं जेवू घालतं का?"

"दारवर उना माणूसले उपाशी कसा धाडू? अर्धा खेळ बाकी शे, साहेब. बसा."

मेजर साहेब परत येऊन बसले. आबा त्यांच्या शेजारी, जमिनीवर.

भीमरावनं हे सगळं मैदानातून पाहिलं होतं. मला एवढंच म्हणाला, "उंच टाक."

मी उंच टाकला. त्यानं डोक्यानं आत घातला. दुसरा गोल त्यानं बऱ्याच लांबून मारला, कीपरला हात उचलायलाही वेळ मिळाला नाही. मैदानात आमचा आवाज दणाणला. शेवटी भुसावळनं आणखी एक मारला आणि आम्ही हरलो. पण त्या हाफमध्ये भीमराव जसा खेळला, तसा खेळताना मी पुन्हा कुणाला पाहिलं नाही.

मेजर साहेबांनी त्याला बोलावलं. भीमराव सावधानमध्ये उभा.

"शिरसाठ, कमांडच्या कॅम्पला रिपोर्ट करायचं."

"सर."

"आणि मॅचआधी जेवण?"

"हलकं, सर."

तो कमांडकडून दोन सीझन खेळला. जर्सी घेऊन परत आला तेव्हा आम्ही त्याला खांद्यावरून कँटीनपर्यंत नेलं. तेवढ्यात पलटणीला उत्तरेकडे जायचा हुकूम आला. तिथे फुटबॉलपुरतीही सपाट जागा नव्हती. भीमराव रायफल कंपनीत गेला, मी वायरलेस सेटवर.

एका सकाळी गस्तीच्या तुकडीवर फायर आला. सेटवर मीच होतो, तुकडीकडून आवाज आला.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

"लान्स नाईक शिरसाठ. ओव्हर."

"हालत? ओव्हर."

"संपला. ओव्हर."

मी रॉजर म्हणालो आणि मेसेज पुढे पाठवला. रडू येत होतं, पण सेट चालू ठेवायचा होता.

पुढच्या सुट्टीत भीमरावच्या गावी गेलो. शाळेसमोर नवा दगड उभा होता. त्यावर नाव, हुद्दा, नंबर, पलटण, सगळं नियमाप्रमाणे कोरलेलं. त्याखाली एक ओळ जास्तीची: सेंटर फॉरवर्ड. असं दगडावर लिहीत नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

आबांनी ते ओळखलं. म्हणाले, "वरनं बठ्ठं पलटननी सांगं. खालनं मी सांगं."

मी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला.