शिंप्याच्या बायकोची सावली

तर काल कुठवर आलो होतो? हां, शिंप्यानं सख्ख्या थोरल्या भावाला दुकानाची पायरी उतरायला लावली!

हा शिंपी कपड्यांचा नव्हे, सावल्यांचा. तेव्हा माणसांच्या सावल्या दगडाधोंड्यांवरून फरफटून टाचेपाशी उसवायच्या आणि लोक त्या जोडून घ्यायला याच्याकडे यायचे. माझ्या वडिलांची सावली काटेरी कुंपणात टरकन फाटली होती. यानं अशी रफू केली की शोधून सापडेना! हात सोन्याचा हो, पण जीभ? "मी शिवलेली सावली सूर्याच्या बापाच्यानं उसवणार नाही," म्हणायचा.

त्या धंद्याची एक रीत होती. आधी कच्चा टाका घालायचा आणि एक दुपार जाऊ द्यायची. भर दुपारी सावली आखडते, तेव्हा तिचं खरं माप कळतं. मगच पक्का टाका. तो चुकला तर ज्यानं घातला त्याच्या हातानं निघत नाही, दुसराच शिंपी लागतो. थोरला, तोही शिंपीच, एवढंच सांगायला आला होता. तर हा म्हणाला, "कच्चा टाका कच्च्या हातांसाठी, दादा. तुम्ही घालत बसा."

त्याच आठवड्यात याच्या बायकोची सावली सुटली. सकाळची वेळ, सावली पार समोरच्या भिंतीपर्यंत लांबलेली. ती म्हणाली, "अहो, दुपार तरी होऊ द्या."

"आता तू मला शिकव!" म्हणत यानं सरळ पक्का टाका घातला. दुपारी सावली आखडली आणि बाई कमरेतून वाकली, घडी घातलेल्या चादरीसारखी.

थोरल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. उसवायचं काम घटकाभराचं. पण तीन दिवस हा गेला नाही. चौथ्या दिवशी गेला, थोरला बिचारा हातातलं टाकून अनवाणी धावत आला. काय उपयोग? टाका तोवर टाचेत मुरला होता. बाई जन्मभर वाकूनच चालली. समोरच्याचा चेहरा बघायचा तर तिला खाली बसावं लागे.

ती गेल्यावर यानं सुई सोडली. आमच्या पायरीवर येऊन बसायचा. मी तेव्हा तरणाताठा, तोंडाला लगाम नाही. एकदा विचारलंच, "काका, दोन गल्ल्या चालायला तीन दिवस लागले तुम्हाला?"

तो स्वतःची बोटं चोळायला लागला. मग म्हणाला, "रोज निघायचो रे. चप्पल घालायचो. ती जमिनीकडे बघत म्हणायची, 'राहू द्या, लोक हसतील तुम्हाला.' आणि मला ते पटायचं."