उचकटलेले ऑइल सील

तापलेल्या सायलेन्सरवर ऑइल जळल्याचा वास आला की बारामतीचा तो उर्मट मेकॅनिक मला आठवतो. त्या दिवशी दुपारी इंदापुरास चुलतभावाविरुद्धच्या माझ्या बांधाच्या वादाची सुनावणी होती, आणि मोटारसायकलच्या गिअरबॉक्सचे गळके ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, काही केल्या निघत नव्हते. तो स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू लागला, तेव्हा ‘‘सील बसते त्या खाचेला ओरखडा पडेल,’’ असे मी बजावले. मी कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देतो, हे त्याला ठाऊक होते. ‘‘ओ अर्जवाले तात्या, तुमी अर्ज लिवा. हितं तुमची शाई चालत न्हाय,’’ तो खिदळला. ओरखडा पडलाच, आणि त्यावरच त्याने नवे सील ठोकून बसवले. निम्म्या वाटेत त्याच ओरखड्यातून सारे ऑइल वाहून गेले, इंजिन जाम झाले आणि इंदापुरात माझ्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागला. आज त्या बांधावर चुलतभावाचा ऊस उभा आहे, आणि त्या मेकॅनिकचा रामराम मी घेत नाही.